कोवळी ज्वारी, बटाटा आणि मुलीचे शिक्षण



गावोगाव फिरताना हल्ली एक प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. कोणते बियाणे घ्यावे, कोणत्या अळीवर कोणते औषध मारावे, हे तर लोक पूर्वीपासून विचारतात आणि आजही विचारतात. पण आता चहाची कपबशी हातात देताना घरधनी जरा आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "साहेब, आमची पोरगी बी.एस्सी. झाली. आता जीवरसायन का काय म्हणतात, त्यात एम.एस्सी. करायची म्हणते. पुढं संशोधन करीन म्हणते. ते नेमकं काय असतं? त्यात कुणाचं काय भलं होतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टर काय करतो ते सगळ्यांना ठाऊक असते. मास्तर, वकील, तलाठी यांचेही काम डोळ्यांना दिसते. पण जी मुलगी सात-आठ वर्षे डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या आत काय चालते ते पाहण्यात घालवणार, तिच्या बापाने सोयऱ्याधायऱ्यांना काय सांगावे? आणि आईने शेजारणींना काय उत्तर द्यावे?

मी स्वतः संशोधक नाही. कृषीची पदवी घेतली आणि जन्म विस्ताराच्या कामात गेला. पण या कामानेच मला त्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते कोवळी ज्वारी, बटाटा आणि डाळ या तीन ओळखीच्या वस्तूंच्या आधाराने सांगता येते. म्हणून आज खत-औषधांचा विषय बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

आधी पेशी म्हणजे काय ते पाहू. कांद्याचा आतला पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर विटांच्या भिंतीसारखे एकाशेजारी एक कप्पे दिसतात. त्या पेशी. ज्वारीचे पान, गाईचे काळीज, तुमचा-माझा हात, सगळे अशा पेशींचेच बांधलेले आहे. प्रत्येक पेशी जिवंत असते आणि जिवंत आहे तोवर श्वसन करते. चाळीतला कांदा श्वसन करतो, त्यानेही त्याचे वजन थोडे घटते. थोडी ओलसर ज्वारी ढीग घालून ठेवली आणि दोन दिवसांनी ढिगात हात घातला तर आतून ऊब लागते. दाणा आणि त्यावरची बुरशी, दोघेही आत साखर जाळत असतात. त्याचीच ती ऊब.

पण हे जाळणे चुलीतल्या जाळण्यासारखे नसते. चुलीत लाकूड भडकन पेटते आणि बरीचशी उष्णता वाया जाते. पेशीत तसे झाले तर पेशीच करपून जाईल. तुम्ही पाणी देता ते आठवा. तेच पाणी बांध फोडून एकदम सुटले तर माती वाहून नेते, आणि पाटाने, दंडाने, वाफ्यावाफ्यात खेळवले तर पीक उभे करते. पेशीसुद्धा साखरेतली शक्ती अशीच पायरीपायरीने उतरवून घेते. प्रत्येक पायरीवर निघालेली शक्ती ती एका रसायनात साठवते. त्याला शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. पेशीच्या बाजारात चालणारे हे नाणेच म्हणा ना. हे नाणे १९२९ साली एकाच सुमारास दोन ठिकाणी सापडले. जर्मनीत लोमान यांना, आणि अमेरिकेत फिस्के व आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना.

आता या पायऱ्यांची रचना पाहा. गावात आग लागली की माणसे विहिरीपासून घरापर्यंत रांग करतात आणि बादल्या हातोहात पुढे जातात. पेशीतही अशी रांग असते. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एका प्रथिनाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात. या रांगेतल्या कित्येक प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. त्यांच्या पोटात आपल्या रक्तासारखेच लोह असते. रांगेच्या टोकाला जो शेवटचा गडी उभा आहे त्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. तो हातातला भार प्राणवायूच्या स्वाधीन करतो आणि त्याचे पाणी होते. आपले शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातला बहुतेक सगळा अखेर या शेवटच्या गड्याकडे पोचतो. तो गडी थांबला की मागची सगळी रांग हातात बादली धरून उभी राहते.

हे पुस्तकातले ज्ञान झाले. आता दावणीकडे चला.

२००३ साली आमच्या भागात पावसाने दडी मारली होती. वैरणीचे हाल होते. एका वस्तीवर दोन गाई सकाळी बांधावरून सुटल्या आणि ज्वारीच्या रानात शिरल्या. ज्वारी गुडघ्याएवढीच होती, पाण्याविना खुरटलेली, पाने मलूल. उपाशी जनावरे, ती काय सोडणार? अर्ध्या तासात एक गाय झोकांड्या देऊ लागली, तोंडाला फेस आला, धापा टाकू लागली आणि आडवी झाली. मी त्याच गावात बैठकीला गेलो होतो. पशुवैद्यक डॉक्टर मोटारसायकलवरून धावत आले. पहिली गाय त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. दुसरीला त्यांनी शिरेतून एकामागून एक अशी दोन औषधे दिली. घटकाभरात तिचा श्वास बसला, आणि सांजेला ती उठून उभी राहिली.

त्या घरच्या वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. "नाक मोकळं होतं, घशात काही अडकलं नव्हतं, वारा एवढा सुटलाय. मग तिचा श्वास कोंडला कशानं?"

या प्रश्नाचे उत्तर गोठ्यात मिळत नाही. ते पेशीत मिळते. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे एक द्रव्य असते. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते ज्वारीतून वेगळे काढले. धुरीन म्हणजे साखरेला बांधून ठेवलेले सायनाइड. ज्वारी ते एका कप्प्यात ठेवते आणि ते सोडवणारे विकर दुसऱ्या कप्प्यात ठेवते. दारूगोळा एका खोलीत, काडेपेटी दुसऱ्या खोलीत. म्हणून ज्वारीला स्वतःला काही होत नाही. गाईने पान चावले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड मोकळे होते. गाईच्या पोटातले जिवाणू त्या कामाला आणखी वेग देतात.

हे सायनाइड रक्तातून पेशीत जाते आणि नेमके त्या शेवटच्या गड्याला, सायटोक्रोम ऑक्सिडेजला, जाऊन चिकटते. त्याचे हात बांधले जातात. गाय हवा ओढते, रक्त प्राणवायू भरून आणते, पण पेशी तो घेऊ शकत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त काळे न पडता लालभडक दिसते. दारात धान्याच्या गाड्या उभ्या आणि घरात दळणारे कोणी नाही, अशी ती उपासमार. श्वास नाकात कोंडला नव्हता, वहिनी. तो पेशीच्या आत कोंडला होता.

डॉक्टरांनी दिलेल्या दोन औषधांचा अर्थही इथेच कळतो. पहिले सोडियम नायट्राइट. त्याने रक्तातल्या काही लोहाचे रूप बदलते आणि ते सायनाइडला आपल्याकडे ओढून घेते. शेवटचा गडी मोकळा होतो. दुसरे सोडियम थायोसल्फेट. त्याने सायनाइडचे पुष्कळ कमी विषारी द्रव्य बनते आणि ते लघवीवाटे निघून जाते. ही औषधे डॉक्टरांनीच द्यायची असतात, कारण पहिल्याचे प्रमाण चुकले तर तेही घातक ठरते. पण ही जोडी कुणी अंदाजाने शोधून काढलेली नाही. सायनाइड कुठे चिकटते आणि त्याला कशाने सोडवता येईल हे ज्यांनी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत तपासले, त्यांच्या कामाच्या आधारावर हे औषध उभे आहे. ती उठून उभी राहिलेली गाय हा जीवरसायनशास्त्राचा मला पटलेला पुरावा आहे.

विषय निघालाच आहे तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत जनावराला चारू नका. पाण्याचा ताण बसलेली, खुरटलेली, युरियाचा जड हात दिलेली ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्यातून आलेले कोवळे फुटवे सर्वांत धोक्याचे. उपाशी जनावर तर अशा रानाजवळूनही नेऊ नका. कापून पूर्ण वाळवलेल्या कडब्यात आणि नीट मुरलेल्या मुरघासात विष पुष्कळ कमी होते, पण अर्धवट सुकलेल्या हिरव्या चाऱ्यावर भरवसा ठेवू नका. आपण भाकरीला वापरतो त्या पक्व दाण्यात हे विष जवळजवळ नसते. मात्र मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात ते असते, म्हणून ज्वारीचे सत्त्व करायचे झाल्यास दाणे वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून काढून टाकाव्यात.

आता बटाट्याची गोष्ट. ती एका मराठी मुलीची आहे.

दुर्गाबाई भागवत हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. त्यांची धाकटी बहीण कमला. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली आणि वडील शिकले त्याच बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनासाठी तिने अर्ज केला. तेव्हा तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन, ज्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

त्या काळची मुलगी असे उत्तर ऐकून घरी परतली असती तर कुणी नावे ठेवली नसती. कमला परतली नाही. तिने थेट रामन यांच्यापुढे जाऊन कारण विचारले आणि आपला हट्ट सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नव्हती, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करायचे, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. या अटी तिला लागल्या. पुढे वार्धक्यातही, केवळ स्त्री म्हणून मिळालेली ती वागणूक आपण विसरू शकलो नाही, असे त्यांनी जाहीर भाषणात सांगितले. पण वर्षभरात तिचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. तिला नियमित प्रवेश मिळाला आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठी त्या संस्थेचे दार उघडले.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३६ साली एम.एस्सी. झाली. मग इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेली. तिथे रॉबिन हिल नावाचे वनस्पतिसंशोधक होते, त्यांच्या हाताखाली तिने काम केले. त्या कामात तिच्यापुढे आला तो आपला बटाटा.

बटाट्यात काय शोधायचे? त्याच गावात डेव्हिड कायलिन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२५ साली सायटोक्रोमचा शोध लावला होता, आणि तो ज्या तऱ्हेने लावला ती ऐकण्यासारखी आहे. पाण्यात कालवलेल्या यीस्टमधून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वातून, ते प्रकाश सोडत आणि रंगपट दाखवणाऱ्या नळीतून पाहत. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात त्यांना चार काळ्या रेघा दिसल्या. नळी हलवून पाण्यात हवा मिसळली की रेघा नाहीशा होत. थोडा वेळ स्वस्थ ठेवली की यीस्ट तो प्राणवायू खाऊन टाकी आणि रेघा परत उमटत. हवा दिली की जाई, हवा संपली की येई. पेशीचा श्वास माणसाने जणू डोळ्यांनी पाहिला.

किड्यात, यीस्टमध्ये, जनावरात ही रांग आहे हे कळू लागले होते. वनस्पतीतही सायटोक्रोमच्या खुणा दिसल्या होत्या. पण रांगेच्या टोकाचा तो शेवटचा गडी झाडाझुडपांतही तेच काम करतो का, हे नीट दाखवायचे राहिले होते. वनस्पतीची पेशी फोडणे जिकिरीचे. बटाटा किसला की काळा पडतो हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. पेशी फुटली की आतली दुसरी विकरे हवेशी संयोग पावतात आणि जे पाहायचे तेच झाकोळून जाते. मग थंडाव्यात वाटायचे, गाळायचे, दूध डेअरीतल्या साय काढायच्या यंत्रासारख्या फिरत्या यंत्रात घालून हलके-जड वेगळे करायचे, मोजायचे. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. शंभरदा केलेल्यातले दहादा जमते. संशोधन संशोधन म्हणतात ते हे असे असते. निंदणीसारखे वाकून, चिकाटीने करायचे काम.

१९३९ साली हिल आणि भागवत या दोन नावांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात एक छोटे टिपण आले. विषय होता, फुले येणाऱ्या वनस्पतींतले सायटोक्रोम ऑक्सिडेज. ज्याचे हात बांधले गेल्याने आमच्या डोळ्यांदेखत गाय गेली, तोच हा गडी. त्याच वर्षी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा ४० पानांचा. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या वेळी त्यांच्या घरी कुणी विचारले असते, "बटाट्यात काय सापडलं? त्याचा भाव वाढणार का?" तर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. पण त्या एका रांगेतून पुढे काय काय निघाले पाहा. त्या रांगेतले सायटोक्रोम-सी हे छोटे प्रथिन शास्त्रज्ञांनी कडी-कडी मोजले. माणसाच्या सायटोक्रोम-सीमध्ये १०४ कड्या आहेत. घोड्याच्या प्रथिनाशी ताडून पाहिले तर फक्त १२ जागी फरक. चिंपांझीशी एकही फरक नाही. गव्हाशी ताडले तर फरक जास्त, पण गोत्र तेच. माणूस, जनावर आणि शेतातले पीक एकाच कुळातले आहेत, हे संतांनी सांगितले ते भक्तीच्या अंगाने. शास्त्राने ते मोजून दाखवले. आणि १९९६ साली अमेरिकेत शिआओडाँग वांग यांच्या गटाला कळले की पेशीने स्वतःहून मरायचे ठरवले की हेच सायटोक्रोम-सी आपली जागा सोडून बाहेर येते आणि मरणाचा हुकूम सोडते. कर्करोगाची पेशी हा हुकूम टाळते. म्हणून कर्करोगावर औषध शोधणारे लोक आज याच प्रथिनाच्या वाटेवर काम करत आहेत. बटाट्याच्या टिपणानंतर ही गोष्ट कळायला ५७ वर्षे लागली. आंब्याची कोय लावणारा पहिल्या वर्षी फळ मागत नाही, तसेच हे आहे.

सगळीच फळे इतकी उशिरा येतात असेही नाही. कमलाबाई १९३९ साली मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना विषय दिले ते परदेशी नव्हेत, आपल्या ताटातले. कडधान्ये, तांदळाचे पीठ, ताडा-माडाची नीरा. गरिबाच्या पोटात स्वस्तात पोषण कसे जाईल, हा ध्यास. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. १९९८ साली त्या वारल्या.

त्यांच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात कडधान्यांतली एक खोड तपासली. कच्च्या कडधान्यात एक असे प्रथिन असते की जे आपल्या पोटातल्या प्रथिने पचवणाऱ्या विकराला, ट्रिप्सिनला, अडवून धरते. म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही. शिजवले की हे अडवणारे प्रथिन मोडते. आपल्या आज्या-पणज्या कडधान्य रात्रभर भिजत घालून मऊ शिजवत, त्यामागे हे शास्त्र आहे. सोयाबीन पिकवणाऱ्या भागात तर हे फार ध्यानात ठेवावे. कच्च्या सोयाबीनमध्ये ते प्रथिन भरपूर असते. घरचे आहे म्हणून कच्चे भरडून कोंबड्यांना घातले तर त्या खातात, पण वाढत नाहीत. उष्णता दिलेले, नीट भाजलेले किंवा पेंड करताना तापवलेले सोयाबीनच खाद्यात वापरावे. लहान मुलांनाही अर्धकच्चे सोयाबीन देऊ नये.

म्हणजे "त्यानं कुणाचं काय भलं होतं" याचे उत्तर तुमच्या गोठ्यात आहे, खुराड्यात आहे आणि तुमच्या चुलीवरच्या पातेल्यात आहे. फक्त त्यावर कुणाचे नाव लिहिलेले नसते.

आता दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण मी तुम्हाला गूळ लावून बोलणार नाही. ही वाट लांब आहे. एम.एस्सी.ची दोन वर्षे, त्यापुढे पीएच.डी.ची पाच, कधी सहा. या काळात बरोबरीच्या मुलींची लग्ने होतात, मुले शाळेत जाऊ लागतात. प्रयोग फसतात. सहा महिने केलेले काम एका सकाळी निरुपयोगी ठरते. पदवी हातात आली म्हणजे नोकरी दारात उभी असते असेही नाही. महाविद्यालये, औषधाचे व लसींचे कारखाने, बियाण्याच्या कंपन्या, अन्न आणि दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांतून कामे मिळतात, पण ती शोधावी लागतात आणि बहुधा गाव सोडावे लागते.

पण एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. पीएच.डी.साठी बापाला जमीन विकावी लागत नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट नावाची परीक्षा साधारण वर्षातून दोनदा होते. तिच्यात वरच्या गुणांनी पास होऊन संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. ती रक्कम कधी वेळेवर हाती येत नाही, तेवढी गाठ पदरी ठेवावी. परीक्षा अवघड आहे, बसणाऱ्यांतल्या थोड्यांनाच फेलोशिप मिळते. पण ती जात, गाव, घरची एकरे पाहून ठरत नाही. राखीव जागा आहेत, त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. कृषीची पदवी घेतलेल्या मुलांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जीवरसायनशास्त्र घेता येते. आणि ज्या बंगळूरच्या संस्थेने कमलाबाईंना आधी नकार दिला, तिथे आज मुली रीतसर परीक्षा देऊन जातात.

गेल्या पावसाळ्यात एका घरी हाच विषय निघाला. पाच एकर कोरडवाहू, दोन लेकी. थोरलीने तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेले, पुण्यात एम.एस्सी.ला नाव लागलेले. नेमके तेव्हाच एक चांगले स्थळ सांगून आले. मुलगा नोकरीचा, मंडळी घरंदाज. पण त्यांची अट होती, शिक्षण इथेच थांबवायचे. वडील म्हणाले, "साहेब, स्थळ गेलं तर परत येत नाही." मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, नाव लागलेलं पण परत येत नाही."

मी त्या घरचा सोयरा नव्हे, निर्णय माझा नव्हता. मी एवढेच विचारले की, अण्णा, तुम्ही सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय पेरत नाही. मग मुलीला दोन वर्षांची एक संधी देऊन पाहायला काय हरकत? दोन वर्षांत नेट निघाली तर पुढचा खर्च ती स्वतः उचलेल. नाही निघाली तरी एम.एस्सी. झालेली मुलगी रिकाम्या हाताची राहत नाही. आणि जी मंडळी आज शिक्षण थांबवा म्हणतात, ती उद्या आणखी काय काय थांबवा म्हणतील, याचाही हिशेब करा.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मुलीच्या आईने मात्र मला विचारले, "पुण्यात राहायचं कुठं? मुलींचं वसतिगृह असतं का? जेवणाचं काय पडतं?" हे प्रश्न होकाराचे की नुसत्या काळजीचे, ते मला त्या दिवशी कळले नाही. मुलगी ऑगस्टात पुण्याला गेली. स्थळवाल्यांना त्यांनी दोन वर्षे थांबता का म्हणून विचारले. ते थांबले नाहीत. अण्णांना त्याचे वाईट वाटले आहे, ते लपवत नाहीत. भेटले की मला म्हणतात, "बघू आता, तुमची ती पेशी काय देते ते." त्यांच्या शब्दात राग नाही, पण हिशेब आहे, आणि तो असायलाच हवा. मुलीची परीक्षा अजून व्हायची आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी मुलगी असेल. तिला आज जवळ बसवा आणि विचारा, तुला पेशीत काय पाहायचे आहे? ती सांगेल ते सगळे कळणार नाही. मलाही कळत नाही. पण सांगताना तिचा चेहरा पाहा. पीक जोमदार आहे की पिवळे पडले आहे, हे तुम्हाला बांधावरून ओळखता येते, हेही येईल. मग वसतिगृहाचा खर्च, परीक्षेची तारीख, फेलोशिपचे नियम कागदावर मांडा, जसा बी-बियाण्याचा हिशेब मांडता तसा. काही अडले तर तिच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना जाऊन भेटा, विचारायला संकोच करू नका.

आणि पावसाने ओढ दिली असेल, तर गाईला ज्वारीच्या रानाजवळ जाऊ देऊ नका.